सी टाईप कावीळ, 84 गोळ्या आणि त्याच्या आधीचे 11 दिवस : माझा रिव्ह्यू

आधी मार्क सांगून टाकते. गोळ्यांना 5 पैकी 5. क्लिनिकमधल्या सिस्टरना 5 पैकी 5, जास्त देता आले असते तर दिले असते. क्लिनिकला साडेतीन. आणि ज्या लॅबने पहिला रिपोर्ट माझ्या हातात दिला तिला 1. रिपोर्ट चुकीचा नव्हता, अगदी बरोबर होता, पण तो ज्या पद्धतीने दिला त्याच्यासाठी 1.

माझं वय 61. पित्ताशयात खडे झाले म्हणून ऑपरेशन ठरलं होतं आणि ऑपरेशनच्या आधी करतात त्या सगळ्या ब्लड टेस्ट केल्या. संध्याकाळी रिपोर्ट घ्यायला गेले तर काउंटरवरच्या मुलाने पाकीट दिलं, तोपर्यंत सगळं नेहमीसारखं, मग त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला डॉक्टरांना लगेच दाखवा. मी तिथेच उघडून बघितलं. अँटी एचसीव्ही, पुढे ठळक अक्षरात रिऍक्टिव्ह. मी विचारलं हे काय असतं, तर म्हणाला सी टाईपची कावीळ, बाकी आम्हाला सांगायची परवानगी नाही. बस. एवढंच.

कावीळ म्हटल्यावर मी घरी येऊन आरशात डोळे बघितले, पिवळे नव्हते. लघवीचा रंग नेहमीचा. ताप नाही, उलटी नाही. मग वाटलं रिपोर्ट दुसऱ्याचा असेल. आता कळतंय की हिपॅटायटिस सी मध्ये, म्हणजे या सी टाईप काविळीत, बहुतेकांना सुरुवातीला काहीच होत नाही, आणि पुढे वीस वीस तीस तीस वर्षं तो विषाणू लिव्हरमध्ये मुक्काम करून असतो तरी माणूस आपलं काम करत राहतो कारण लिव्हर सहसा दुखत नाही. मला थकवा होता, बरीच वर्षं होता, पण तो मी वयाच्या, घरकामाच्या, पाळी जाण्याच्या नावावर टाकत आले होते.

आता जे लिहितेय ते सगळ्यात महत्त्वाचं आहे त्यामुळे नीट वाचा. अँटी एचसीव्ही ही अँटीबॉडीची टेस्ट आहे, अँटीबॉडी म्हणजे विषाणूशी लढायला शरीर जे तयार करतं ते, आणि रिऍक्टिव्ह म्हणजे पॉझिटिव्ह. अँटीबॉडी पॉझिटिव्ह म्हणजे आजार आहे असं नाही. त्याचा अर्थ एवढाच की हा विषाणू कधीतरी तुमच्या अंगात येऊन गेला किंवा अजून आहे, दोन्हीपैकी काहीही असू शकतं. लागण झालेल्या 100 माणसांपैकी साधारण 30 जणांचं शरीर पहिल्या सहा महिन्यांत कुठलंही औषध न घेता त्याला स्वतःच हाकलून देतं. त्यांची अँटीबॉडी टेस्ट पण आयुष्यभर पॉझिटिव्हच येऊ शकते. विषाणू आत्ता आहे की नाही हे कळायला दुसरी टेस्ट लागते, एचसीव्ही आरएनए, त्यात रक्तात खुद्द विषाणू किती आहे ते मोजतात, तिला व्हायरल लोड पण म्हणतात. ती पॉझिटिव्ह आली तरच उपचार. ती निगेटिव्ह असेल तर तुम्हाला आत्ता आजार नाही.

हे मला त्या काउंटरवर कुणी दोन वाक्यात सांगितलं असतं तर माझे 11 दिवस वाचले असते. पहिले सहा दिवस तर अशी दुसरी टेस्ट असते हेच कुणी सांगितलं नाही, सर्जनच्या ऑफिसमधून फोन आला की ऑपरेशन पुढे ढकलतोय, लिव्हरच्या डॉक्टरांना भेटून या, त्यांची अपॉइंटमेंट मिळाली, त्यांनी आरएनए लिहून दिली, मग परत रक्त, मग परत थांबा. आणि नंतर सिस्टरनी सांगितलं की दुसऱ्यांदा बोलवायची गरजच नसते, पहिली टेस्ट पॉझिटिव्ह आली की लॅबने त्याच वेळी घेतलेल्या रक्तावर आरएनए करून टाकायची, डब्ल्यूएचओने (जागतिक आरोग्य संघटनेने) 2022 मध्ये तशी शिफारसच केलीय. पहिल्या आणि दुसऱ्या टेस्टच्या मधे कितीतरी लोक गळतात, घाबरून परत जातच नाहीत. मला हे वाचून आश्चर्य वाटलं नाही, चौथ्या दिवशी मी पण असंच ठरवलं होतं की कुठे जायचंच नाही.

त्या 11 दिवसात मी काय काय केलं ते सांगते कारण तुमच्यापैकी कुणीतरी आत्ता तेच करत असेल. माझं ताट वेगळं, पेला वेगळा, टॉवेल वेगळा, चादर वेगळी. नातवाला जवळ घेणं बंद. तो तीन वर्षांचा, दारात उभा राहून आजी म्हणून हात पुढे करायचा आणि मी आत निघून जायचे. मिस्टरांना सांगितलं होतं, मुलींना नाही. मोठीला वाटलं मी कशावरून तरी रागावलेय.

यातल्या कशाचीही गरज नव्हती. हा विषाणू रक्तातून पसरतो. एका ताटात जेवून, मिठी मारून, पापा घेऊन, खोकल्यातून, एकच बाथरूम वापरून पसरत नाही. वेगळं काय ठेवायचं, तर ज्याला रक्त लागू शकतं ते: दाढीचं ब्लेड, टूथब्रश, नेलकटर, शुगर तपासायची सुई. कापलं तर जखम झाकायची, सांडलेलं रक्त ब्लीचच्या पाण्याने पुसायचं कारण वाळलेल्या रक्तात सुद्धा तो बरेच दिवस टिकू शकतो. एवढंच. हे मला सिस्टरनी पहिल्या भेटीत सांगितलं आणि मग म्हणाल्या, काकू आज घरी गेल्यावर पहिलं काम म्हणजे नातवाला उचलून घ्या. मी क्लिनिकच्या पायऱ्यांवर बसून रडले.

तर आरएनए पॉझिटिव्ह आली. आकडा 18 लाखाच्या वर. मला वाटलं 18 लाख म्हणजे सगळं संपलं. डॉक्टरांनी (यासाठी त्यांना मार्क आहेत) पहिलंच वाक्य असं बोलले की हा आकडा बघून घाबरू नका, व्हायरल लोड जास्त म्हणजे लिव्हर जास्त खराब असं गणित नसतं. लिव्हरची अवस्था वेगळी मोजावी लागते. त्यासाठी फायब्रोस्कॅन केलं, सोनोग्राफीसारखंच असतं, बरगडीच्या मधे एक दांडी टेकवतात आणि टिचकी मारल्यासारखे हलके धक्के लागतात, दुखत नाही, दहा मिनिटांत झालं, फक्त आधी तीन तास काही खायचं नाही. लिव्हर किती कडक झालंय ते त्यात कळतं. माझं 10.2 आलं, म्हणजे एफ3. एफ0 म्हणजे व्रण नाही आणि एफ4 म्हणजे सिरॉसिस, लिव्हर व्रणांनी भरून गेलेलं, त्यामुळे मी दारापर्यंत पोचले होते पण आत गेले नव्हते, हे माझे शब्द, डॉक्टरांचे नाहीत.

मग प्रश्न आला की हे आलं कुठून. मी कधी सुईची नशा केली नाही, टॅटू नाही. डॉक्टरांनी विचारलं रक्त कधी चढवलं होतं का. आणि मला एकदम आठवलं, 1988, मोठीच्या बाळंतपणानंतर खूप रक्त गेलं होतं आणि दोन बाटल्या चढवल्या होत्या. ज्या वर्षी ते रक्त मला दिलं त्या वर्षी या विषाणूला नाव सुद्धा नव्हतं. तेव्हा याला नुसतं नॉन ए नॉन बी म्हणायचे, म्हणजे ए पण नाही बी पण नाही असं काहीतरी. विषाणू ओळखला गेला 1989 मध्ये आणि रक्तपेढ्यांत त्याची तपासणी त्याच्यानंतर सुरू झाली. ज्यांनी तो शोधला त्यांतल्या हार्वे ऑल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस या तिघांना 2020 चं नोबेल मिळालं. ते रक्त देणाऱ्या माणसाला माहीत नव्हतं, चढवणाऱ्या डॉक्टरला माहीत असणं शक्य नव्हतं, आणि त्या रक्ताने त्या रात्री माझा जीव वाचवला होता. हे कळल्यावर माझ्या मनातला एक मोठा दगड उतरला. पण खरं सांगायचं तर ज्याला सुईतून झाला त्याला पण हाच आजार आहे आणि हेच औषध आहे, त्याला कमी लेखायचा कुणालाच हक्क नाही. वेटिंगमध्ये बसणाऱ्या माणसाला कुठून झालं हे विचारू नका.

आणि त्याच क्षणी दुसरी गोष्ट डोक्यात आली. धाकटी. धाकटी 1991 ची. मोठी रक्त चढवायच्या आधी जन्मली पण धाकटी नंतर, म्हणजे ती पोटात होती तेव्हा विषाणू माझ्या अंगात होता. आईकडून बाळाला जायची शक्यता 100 मध्ये साधारण 5 ते 6. कमी आहे. पण आईला तो आकडा कमी वाटत नाही. मी तिला फोनवर सांगू शकले नाही, ती घरी आली तेव्हा रिपोर्टची फाइल तिच्यापुढे ठेवली आणि बोलले, बाळा मला माहीत नव्हतं. ती फाइल वाचत राहिली, मग म्हणाली आई आपण उद्याच टेस्ट करू. दोघी गेलो. तिची निगेटिव्ह. मिस्टरांची पण निगेटिव्ह. 34 वर्षांच्या संसारात त्यांना लागण झाली नाही यावरूनच बघा, नवरा बायकोत हा सहज पसरत नाही.

आता गोळ्या. मला 12 आठवड्यांचा कोर्स दिला, एका गोळीत दोन औषधं, सोफोस्बुव्हिर 400 मिलिग्रॅम आणि वेल्पाटास्व्हिर 100 मिलिग्रॅम. एका बाटलीत 28, अशा तीन बाटल्या, एकूण 84. रोज एक, पोट भरलेलं असो की रिकामं, फक्त वेळ एकच ठेवायची. मी रात्री नऊची ठेवली. गोळी मोठी आहे आणि चावली तर कडू लागते त्यामुळे अख्खी गिळायची.

हे औषध काय करतं ते मी डॉक्टरांकडून दोनदा समजून घेतलं. विषाणू लिव्हरच्या पेशीत शिरून स्वतःच्या प्रती काढत राहतो. सोफोस्बुव्हिर त्या प्रतीत खोटी वीट बसवतं, पुढची वीट त्याच्यावर बसतच नाही आणि प्रत अर्धवट राहते. वेल्पाटास्व्हिर विषाणूचं दुसरं एक प्रोटीन बंद पाडतं ज्याच्याशिवाय नवीन विषाणू तयार होऊ शकत नाही. दोन्ही दारं एकदम बंद. आणि सगळ्यात चांगली बातमी म्हणजे हिपॅटायटिस सी चा विषाणू आपल्या डीएनएमध्ये घुसून लपून बसत नाही, त्यामुळे एकदा प्रती निघणं थांबलं की तो संपतो, पूर्ण संपतो. बी टाईपचं असं नसतं, तिथे बहुतेकांना औषध बरीच वर्षं चालू ठेवावं लागतं. सी मध्ये बरा झाला हा शब्द डॉक्टर खरोखर वापरतात, 100 पैकी 95 हून जास्त लोक बरे होतात.

वेटिंग रूममध्ये एक गृहस्थ भेटले होते, त्यांनी 2006 मध्ये इंटरफेरॉन, म्हणजे याच आजाराचा जुना उपचार, घेतलं होतं. 48 आठवडे, दर आठवड्याला पोटात इंजेक्शन आणि जोडीला रोज रिबाव्हिरिनच्या गोळ्या. इंजेक्शनच्या दुसऱ्या दिवशी ताप आणि अंगदुखी, केस गळले, हिमोग्लोबिन उतरलं, आणि मन इतकं काळवंडलं की बायको त्यांना एकटं सोडायची नाही. एवढं करून सहा महिन्यांत विषाणू परत आला. मग ते बारा वर्षं डॉक्टरांकडेच फिरकले नाहीत. नव्या गोळ्यांतली एक, सोफोस्बुव्हिर, 2013 च्या डिसेंबरमध्येच अमेरिकेत मंजूर झाली होती पण यांच्यापर्यंत ती बातमी पोचलीच नाही. ज्यांनी जुन्या उपचाराच्या गोष्टी ऐकून तपासणी टाळलीय त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहितेय, तो काळ गेला.

मला काय त्रास झाला? पहिले आठ दहा दिवस डोकं जड, थोडी मळमळ, दुपारी झोप यायची. तिसऱ्या आठवड्यापासून काही नाही. सहाव्या आठवड्यात मला जाणवलं की मी जिना चढून मधे थांबले नाही.

पण एक गोष्ट जवळजवळ चुकली होती आणि क्लिनिकचा दीड मार्क तिथेच गेला. मी कितीतरी वर्षं सकाळी उपाशीपोटी ऍसिडिटीची गोळी घेते, पँटोप्राझोल. फॉर्मवर लिहिलं होतं. डॉक्टरांच्या नजरेतून सुटलं. वेल्पाटास्व्हिर अंगात शोषलं जायला पोटात ऍसिड लागतं, ऍसिड कमी केलं तर औषध अर्धवट पोचतं, म्हणजे 84 गोळ्या घेऊनही कोर्स फुकट जाऊ शकतो. सिस्टरनी बाटली हातात देताना विचारलं, काकू अजून कुठली गोळी चालू आहे, अगदी साधी वाटणारी सुद्धा सांगा. मी सांगितलं. त्यांनी बाटली परत घेतली, आत जाऊन डॉक्टरांशी बोलल्या, आणि माझी ऍसिडिटीची गोळी 12 आठवडे बंद झाली. लागलंच तर साधं अँटासिड, ते पण या गोळीपासून चार तास दूर. त्या दिवसापासून मी सगळ्यांना सांगते की घरातल्या सगळ्या औषधांची पिशवीच घेऊन जा. हृदयाच्या ठोक्यांसाठी अमिओडॅरोन चालू असेल तर सोफोस्बुव्हिरबरोबर ठोके धोकादायक कमी होऊ शकतात. फिट्सच्या काही गोळ्या, टीबीचं रिफॅम्पिसिन, हे चालत नाही. डायबेटिस असेल तर विषाणू कमी होताना शुगर उतरू शकते त्यामुळे डोस बघावा लागतो. काढे, चूर्ण, लिव्हर टॉनिक, जे काही असेल ते दाखवा. आणि सुरू करायच्या आधी हिपॅटायटिस बी ची टेस्ट झालीय ना ते विचारून घ्या, कारण सी दबला की आत झोपलेला बी उठू शकतो, हा इशारा अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथे औषधं मंजूर करणाऱ्या सरकारी संस्थेने, 2016 मध्ये दिलेला आहे. माझी बी निगेटिव्ह होती, मला ए आणि बी दोन्हीच्या लसी दिल्या. सी ची लस अजून नाहीच.

कोर्स संपला तेव्हा आरएनए सापडला नाही. मी पेढे काढणार तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या थांबा, अजून 12 आठवडे. शेवटच्या गोळीनंतर 12 आठवड्यांनी परत आरएनए करतात आणि तेव्हाही सापडला नाही तरच बरे झालात, त्याला एसव्हीआर म्हणतात. ते तीन महिने मला गोळ्यांच्या तीन महिन्यांपेक्षा जड गेले, रात्री नऊ वाजले की हात आपोआप त्या ड्रॉवरकडे जायचा. तो रिपोर्ट आला तेव्हा मी घरी एकटी होते. नॉट डिटेक्टेड. दोन शब्द. मी ते मोठ्याने वाचले.

वर्षभराने फायब्रोस्कॅन 7.4 वर आलं. लिव्हर स्वतःला भरून काढतं, पण सगळंच आणि सगळ्यांचं नाही. इथे क्लिनिकबद्दल अजून एक तक्रार आहे, शेवटच्या कागदावर नुसतं बरे झाले असं लिहून फाइल बंद केली. मी एफ3 होते त्यामुळे मला विषाणू गेल्यावर पण दर सहा महिन्यांनी लिव्हरची सोनोग्राफी करायची आहे, कॅन्सर लवकर सापडावा म्हणून. हे तोंडी सांगितलं, कागदावर नाही. तोंडी सांगितलेलं माणूस विसरतो. ज्यांना सिरॉसिस झालेलं होतं त्यांनी तर ही तपासणी अजिबात सोडू नये. आणि दारू कुणी घेत असेल तर ती बंदच. अजून एक, एकदा बरं झालं म्हणजे परत होणार नाही असं नाही, रक्ताचा संबंध आला तर नव्याने लागण होऊ शकते.

पित्ताशयाचं ऑपरेशन कोर्सनंतर झालं. पण त्या पहिल्या हॉस्पिटलमध्ये नाही. तिथे मला सांगितलं होतं की तुमचं नाव सगळ्यात शेवटी घेऊ आणि खोली वेगळी देऊ, आणि हे वॉर्डमध्ये चार लोकांसमोर सांगितलं. खरी काळजी घ्यायची असेल तर ती प्रत्येक पेशंटच्या रक्ताबद्दल सारखीच घ्यावी लागते, कारण बहुतेकांना आपल्याला काय आहे हे माहीतच नसतं, मला 30 हून जास्त वर्षं माहीत नव्हतं. जगात साधारण 5 कोटी लोकांना हा जुनाट आजार आहे असा डब्ल्यूएचओचा अंदाज आहे. त्यांतला एक माणूस कपाळावर शिक्का मारून शेवटी ठेवला म्हणून बाकी कुणी सुरक्षित होत नाही.

मागच्या महिन्यात मोतीबिंदूसाठी परत सगळ्या टेस्ट झाल्या. लॅब वेगळी. काउंटरवर एक मुलगी होती, तिने पाकीट दिलं आणि आवाज हळू करून म्हणाली आजी, यात एक टेस्ट रिऍक्टिव्ह आलीय, घाबरू नका, अजून एक टेस्ट असते ती करून घ्यायची, आणि मगच काय ते कळतं. मी तिला म्हटलं माहितीय बाळा, आणि मोबाईलमधला नॉट डिटेक्टेडचा फोटो दाखवला. तिने तो दोन बोटांनी मोठा करून तारीख वाचली, कीबोर्ड पुढे ओढला आणि माझ्या नावापुढे उपचार पूर्ण असं टाईप केलं. त्या लॅबला 5.